आई-बाबांना यूपीआय शिकवायचंय? आधी खातं वेगळं काढा

हल्ली भाजीवालीपुढे पाचशेची नोट धरली की ती मान हलवते आणि गाडीला टांगलेला पुठ्ठा दाखवते. ‘सुट्टे नाहीत आजी, स्कॅन करा ना.’ रिक्षात तेच, मेडिकलमध्ये तेच. एसटीचा कंडक्टर पूर्वी उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचा, आता तोही मशीनवरचा कोड पुढे करतो. रोख पैसे बंद झालेले नाहीत, पण रोख घेऊन फिरणाऱ्याची दर चार पावलांना अडवणूक होते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती रोज सोसावी लागते आणि घरातली तरुण मंडळी ‘अहो, सोपं आहे’ म्हणून मोकळी होतात.

सोपं आहे, पण ते वीस वर्षं फोन हाताळलेल्याला. माझ्या आई-वडिलांना, मग मावशीला आणि सोसायटीतल्या बऱ्याच काका-काकूंना हे शिकवताना एक गोष्ट पक्की झाली. अडचण बटणांची नसते, भीतीची असते, आणि त्या भीतीला कारण असतं. म्हणून हा लेख ॲप कसं उघडायचं इथून सुरू होत नाही.

आधी त्यांचा नकार समजून घ्या

यूपीआय सुरू झालं एप्रिल २०१६ मध्ये. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि ३० डिसेंबरला भीम ॲप आलं. म्हणजे ‘मोबाइलवरून पैसे’ हे शब्द आपल्या आई-वडिलांच्या कानावर पहिल्यांदा पडले, ते बँकेसमोरच्या रांगेत उभं असताना. जी गोष्ट बळजबरीनं समोर आली तिच्याविषयी माया कुठून येणार? त्यात सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. मुंबईतल्या किती तरी निवृत्तांची पुंजी तिथं अडकली. हे पाहिलेल्या माणसाला ‘काही होत नाही हो’ म्हणणं फोल आहे.

दुसरं कारण हिशेबाचं. नोट मोजता येते, उरलेले पैसे दिसतात, पाकीट हलकं झालेलं हाताला कळतं. देशातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत बसलं. पुढे ते गावोगाव पोहोचल्यावर याच पिढीनं ते शिकून घेतलं, कारण तिथं नोटा हातात येत होत्या. आजही बाबा एटीएमच्या दारात उभे राहून नोटा मोजतात. यूपीआयमध्ये मोजायला काही उरत नाही, हे त्यांचं खरं दुखणं. तेव्हा शिकवण्याचा सगळा बेत या दोन प्रश्नांभोवती आखा: ‘सगळे पैसे गेले तर?’ आणि ‘किती गेले ते मला कळणार कसं?’

पायरी १ : खातं वेगळं काढा

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत, तर हे करा. ज्या खात्यात पेन्शन येते, ज्याला मुदत ठेवी जोडलेल्या आहेत, ते खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं साधं बचत खातं काढा आणि त्यात महिन्याच्या भाजी-दूध-औषधापुरते तीन-चार हजार ठेवा. आई पूर्वी घरखर्चाचे पैसे डब्यात वेगळे काढून ठेवायची, तसाच हा डबा. कपाटाची किल्ली वेगळी, डबा वेगळा.

‘सगळे पैसे गेले तर?’ याचं उत्तर मग तोंडी द्यावं लागत नाही. गेले तर डब्यातले जातील, तेही वाईटच, पण आयुष्यभराची कमाई जाणार नाही. मी पाहिलंय, हे कळल्यावर माणसाचा चेहराच बदलतो.

खातं काढताना तीन गोष्टी विचारा. किमान शिल्लक किती ठेवावी लागते? काही सरकारी बँकांनी त्यावरचा दंड काढून टाकलाय, तिथं काढलेलं बरं. खात्यातली रक्कम कमी पडल्यावर मुदत ठेव आपोआप मोडण्याची सोय जोडलेली आहे का? असेल तर ती नको, नाहीतर डब्याला भोक पडून कपाटापर्यंत वाट होईल. आणि वारसदाराचं नाव लावलंय का? हे तिथंच, त्याच दिवशी करून टाका.

मोठ्या खात्याचं बँकेचं मोबाइल ॲपही त्या फोनमध्ये टाकू नका. त्यातून ठेवी मोडता येतात आणि फसवणाऱ्यांचा डोळा नेमका त्यावर असतो. पेन्शनच्या खात्यासाठी पासबुक आणि शाखा, ही जुनी जोडी अजून उत्तम चालते.

पायरी २ : नंबर, कार्ड, रिचार्ज

आपल्याकडे एक गंमत फार घरांत सापडते. बाबांच्या खात्याला मोबाइल नंबर असतो पुण्यातल्या मुलाचा. पाच-सात वर्षांपूर्वी फॉर्म भरताना ‘माझाच लिहा’ म्हणून लिहिलेला. यूपीआयला हे चालत नाही. खात्याला जो नंबर आहे त्याचं सिम त्याच फोनमध्ये लागतं, कारण नोंदणीच्या वेळी ॲप त्या सिमवरून बँकेला एसएमएस पाठवतं. तेव्हा नव्या खात्याला सुरुवातीपासून त्यांचाच नंबर द्या.

दुसरं, डेबिट कार्ड. ते बहुधा बँकेच्या पाकिटातच, न उघडता, कपाटात असतं. मुदत संपलेली नाही ना बघा, एटीएमवर नेऊन चालू करा. पिन ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीनंही बऱ्याच बँकांत काम होतं, पण मग आधारला आणि बँकेला एकच नंबर हवा.

आणि रिचार्ज. ‘मला काय, फोन तर येतातच’ म्हणून महिनोन्‌महिने रिचार्ज न केलेलं सिम असेल तर नोंदणीचा एसएमएसच जात नाही, आणि दोष मात्र ॲपला दिला जातो.

पायरी ३ : फोन त्यांच्या हाताजोगा करा

मुलाचा जुना फोन आईला देणं ही आपल्याकडची रीत. देताना निदान तो रिकामा करून द्या. पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवा: फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा आणि पैशाचं ॲप. ॲप एकच. सवलतीच्या नादानं तीन टाकाल तर ‘यातलं कुठलं गं?’ हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवरच उभा राहील.

अक्षरं मोठी करा, उजेड वाढवा, मेसेजचा आवाज सुरू ठेवा. अँड्रॉइड फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये बोट किती वेळ दाबलं की ‘लाँग प्रेस’ धरायचं ते वाढवता येतं. हे बारीकसं सेटिंग फार कामाचं. वयस्क माणसं दाराची बेल दाबावी तसं बटण दाबून धरतात, मग भलतंच काहीतरी उघडतं आणि ‘याला माझा हातच आवडत नाही’ असं म्हणून फोन बाजूला ठेवला जातो.

ॲपची भाषा मराठी करायची का? मोठ्या ॲपमध्ये तशी सोय आहे. पण त्यांनाच दोन्ही दाखवा आणि विचारा. माझ्या वडिलांना ‘पे’ लगेच कळतं, ‘देय द्या’ वाचून ते थबकतात. आईचं नेमकं उलट.

स्क्रीनला लॉक हवंच. बोटांचे ठसे कामानं आणि वयानं झिजलेले असतील तर बोट धरत नाही, तेव्हा रेघांची नक्षी ठेवा. आकडे टाळायचे, कारण आकडे आधीच खूप झालेत.

पायरी ४ : आकड्यांचा गुंता सोडवा

एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, ओटीपी, आणि कुणी ठेवला असेल तर फोनचा आकडा. आपल्याला हे वेगळे वाटतात, त्यांना चारही ‘तो नंबर’ असतो. एका शांत दुपारी कागद घेऊन बसा आणि प्रत्येकाचं काम लिहून काढा. एटीएमचा आकडा मशीनवर. यूपीआयचा ४ किंवा ६ आकडी पिन फक्त पैशाच्या ॲपमध्ये. ओटीपी बँक पाठवते, तो दर वेळी नवा असतो आणि फोनवर विचारणाऱ्या कोणालाही सांगायचा नाही, विचारणारा स्वतःला मॅनेजर म्हणवत असला तरी.

यूपीआय पिन कधी टाकायचा? दोनच वेळा. पैसे देताना आणि शिल्लक बघताना. पैसे येताना पिन लागत नाही. हे वाक्य इतक्यांदा म्हणून घ्या की तेच कंटाळून तुम्हाला ऐकवतील. शिल्लक बघतानाचा पिन सांगायला विसरू नका, नाहीतर पहिल्यांदा शिल्लक बघताना पिन मागितल्यावर ती बिचारी माणसं ॲप बंद करून टाकतात. तुम्हीच शिकवलेलं असतं ना, पिन म्हणजे पैसे जाणार!

पिन त्यांनीच ठरवावा. जन्मसाल नको, लग्नाचं साल नको, १२३४ तर नकोच. लिहून ठेवू का असं विचारतील. पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं आहे. माझं मत थोडं वेगळं: घरात, फोनपासून दूर, ‘पिन’ असं न लिहिता एखाद्या जुन्या वहीत आकडे असले तर बिघडत नाही. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी मात्र अजिबात नको. सलग तीनदा पिन चुकला तर बहुतेक बँका दिवसभरासाठी तो बंद करतात, हेही आधीच सांगा. नाहीतर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.

पायरी ५ : पहिला रुपया

आता हात पाठीमागे बांधा. खरंच बांधा. फोन त्यांच्या हातात आणि बोटही त्यांचंच. ‘थांब, मी करून दाखवतो’ म्हणालात की शिकवणी संपली. तुमचं बोट भरभर फिरतं आणि त्यांना कळतं ते एवढंच की हे आपल्याला जमणारं नाही.

घरातच सुरुवात करा. आईनं तुम्हाला एक रुपया पाठवायचा, तुम्ही तो परत पाठवायचा. दोन्ही फोन शेजारी ठेवा, म्हणजे इकडून गेलेला तिकडे आलेला दिसतो. ‘किती गेले ते कळणार कसं?’ याचं पहिलं उत्तर इथं मिळतं. नव्यानं नोंदणी केल्यावर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. ही मर्यादा त्यांना मुद्दाम सांगा, धीर येतो.

मग ओळखीच्या वाण्याकडे. गर्दीच्या वेळी नव्हे, दुपारी तीनच्या सुमारास. मागे रांग असली की हात थरथरतो. दुकानात कोडला सगळे ‘स्कॅनर’ म्हणतात, तेव्हा ‘स्कॅनर कुठाय?’ असंच विचारायला शिकवा. क्रम असा:

१. ॲप उघडून स्कॅनचं चौकोनी चिन्ह दाबायचं, फोन कोडसमोर हातभर अंतरावर स्थिर धरायचा.
२. नाव येईल ते मोठ्यानं वाचायचं. ‘रमेश पाटील का हो?’ दुकानदार ‘हो’ म्हणाला की पुढे. दुकानाच्या पाटीवर ‘श्री गणेश किराणा’ आणि फोनवर मालकाचं नाव, असं पुष्कळदा होतं, म्हणून विचारणंच बरं.
३. रक्कम टाकायची आणि एकदा परत बघायची. १२० चे १,२०० होतात ते इथंच.
४. पिन टाकायचा, फोन अंगाशी धरून.
५. हिरवी खूण आणि पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या दुकानातल्या डब्याचा आवाज, दोन्ही झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

या यादीतलं तिसऱ्या क्रमांकाचं ते ‘एकदा परत बघणं’ सवयीचं झालं की निम्मी काळजी मिटली. त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस तीच दोन-तीन दुकानं. वीजबिल, रिचार्ज, गॅस या गोष्टी त्यानंतर, आणि त्यांनी विचारलं तरच.

पायरी ६ : हिशेब त्यांच्या पद्धतीनं

यूपीआयवाल्यांच्या पासबुकाची पानं भराभर संपतात. दहा रुपयांचा चहा, वीसची कोथिंबीर, सगळ्यांची नोंद. वेगळं खातं असल्यानं पेन्शनचं पासबुक स्वच्छ राहतं, हा आणखी एक फायदा. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट सुरू करता येतं: त्यात एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात, १,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाला पिन लागत नाही आणि पासबुकात फक्त भरल्याची एकच नोंद दिसते. पण पिनाशिवाय पैसे जातात हे लक्षात घ्या. हात बसेपर्यंत हे नको, आणि नंतरही त्यात पाचशेच्या वर ठेवू नका.

ज्यांना डायरीत खर्च लिहायची सवय आहे त्यांनी ती मुळीच सोडू नये. रात्री डायरी आणि ॲपमधला इतिहास शेजारी ठेवून ताळा करायचा. बाबा लोकांना हे विशेष आवडतं. माझ्या पाहण्यातले एक निवृत्त लेखनिक काका यूपीआयच्या विरोधात सगळ्यात जास्त बोलायचे, आता ते सोसायटीतल्या इतरांना ताळा शिकवतात.

महिन्यातून एकदा ॲपमधली ‘ऑटोपे’ची यादी मात्र तुम्ही बघा. एक रुपयात चाचणी म्हणून सुरू झालेली वर्गणी पुढच्या महिन्यापासून गुपचूप पैसे नेत असते.

पैसे कट झाले, पण पोहोचले नाहीत

हे होणारच. त्या वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवायचे नाहीत. ॲपच्या इतिहासात ‘प्रलंबित’ दिसत असेल तर दोन-चार मिनिटं थांबायचं. दुकानदार ओळखीचा असेल तर तो लिहून घेतो, नसेल तर सरळ रोख द्यायचे. म्हणून घरातून निघताना पर्समध्ये दोन-तीनशे रुपये असावेतच.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, माणसाला पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानाचे असतील तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. शाखेत जाताना व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक लिहून न्या, नाहीतर ‘ॲपवर तक्रार करा’ एवढंच उत्तर मिळतं.

फसवणूक : घाबरवू नका, वाक्यं शिकवा

बातम्या वाचून दाखवल्यानं माणूस सावध होत नाही, नुसता घाबरतो. त्यापेक्षा फोनवर नेमकं काय ऐकू येतं ते सांगा आणि त्यावर काय म्हणायचं तेही.

‘तुमचं वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट तोडणार.’ महावितरण वैयक्तिक मोबाइल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. ‘चुकून तुम्हाला पाच हजार आलेत, परत पाठवा.’ आधी शिल्लक बघायची. आलेच असतील तरी परतफेड बँकेमार्फत. ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका.’ इथं ‘पैसे येताना पिन लागत नाही’ हे वाक्य कामाला येतं. एका माणसानं दुसऱ्याकडे ॲपवरून पैसे मागण्याची जी सोय होती, ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे, त्यामुळे आता हे भामटे कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतात. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडायची नाही. त्यासाठी फोनच्या सेटिंगमधून व्हॉट्सॲपला बाहेरची ॲप बसवायची परवानगी बंद करा, म्हणजे चुकून दाबलं तरी अडेल.

सगळ्यात वाईट प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, ‘तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, कुणाला सांगितलंत तर मुलाला उचलू.’ कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. सरळमार्गी, उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली माणसं यात अडकतात, कारण अब्रूची भीती. म्हणून आधीच स्पष्ट सांगून ठेवा: ‘असं काही झालं तर आम्ही रागावणार नाही, हसणार नाही, आधी फोन कर.’ हे वाक्य कुठल्याही ॲपपेक्षा जास्त पैसे वाचवतं. लपवाछपवी होते ती पोरांच्या टोमण्यांच्या भीतीनं.

फोनवर म्हणायचं एकच वाक्य पाठ करून घ्या: ‘मी बँकेत येऊन बोलते.’ आणि फोन ठेवायचा. शिष्टाचार म्हणून समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारी ही पिढी आहे, तेव्हा मध्येच फोन ठेवायचा सरावही करून घ्या. तुम्ही भामटा व्हा, आईला फोन करा. ती दोनदा हसेल, तिसऱ्यांदा नीट फोन आपटेल.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन, पाठोपाठ बँकेला. मिनिटांना किंमत असते, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तर परत मिळण्याची आशा राहते. आपणच पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे.

ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी

साधा बटणांचा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे. त्यात फोन लावून, आवाजी सूचना ऐकून पैसे देता येतात. खरं सांगायचं तर त्या सूचना ऐकत बटणं दाबणं हे स्कॅन करण्यापेक्षा सोपं नाही. इंटरनेट नसलेल्या गावात मात्र उपयोगी.

यूपीआय सर्कल ही २०२४ मधली सोय जास्त कामाची. खातं तुमचं, स्कॅन करणार आई. दर खर्चाला तुमची मंजुरी लागेल असं ठेवता येतं, किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घालून मोकळीक देता येते. पण ज्या बाईनं जन्मभर घर स्वतःच्या हिशेबानं चालवलं तिला मुलाच्या खात्यातून कोथिंबीर घेणं रुचेलच असं नाही, आणि ‘आज दोनदा चहा घेतलास वाटतं’ असा प्रश्न तर कोणालाच रुचत नाही. मंजुरी द्या, चौकशी करू नका.

आणि काहींना रोखच बरी वाटते. वाटू द्या. त्यांच्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला दहा-वीस-पन्नासच्या नोटांची बंडलं बँकेतून आणून देणं, हीसुद्धा मदतच.

फोन हरवला तर

फ्रिजवर एक कागद चिकटवा. त्यावर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक, सिम कंपनीचा क्रमांक, १९३० आणि तुमचा नंबर, सगळं ठसठशीत अक्षरात. फोन हरवला की आधी दुसऱ्या फोनवरून सिम बंद करायचं, मग बँकेला सांगून यूपीआय बंद करायचं, मग पोलिसांत तक्रार. नवीन सिम घेतल्यावर नोंदणी पहिल्यापासून करावी लागते आणि ५,००० ची मर्यादा पुन्हा लागते. बँकेचा क्रमांक गुगलवर शोधून घेऊ नका, तिथं भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला क्रमांकच कागदावर उतरवा.